पगारी माणसांनी पेकिंगमध्ये इतकं पोर्सेलीन जमवलं तरी कसं?

भटकभवानी

नमस्कार मंडळी,

सध्या मला एक व्यसन लागलंय, रात्री जेवण झालं की मोठ्या म्युझियमच्या साइट्स उघडायच्या आणि चिनी पोर्सेलीन झूम करकरून बघत बसायचं. वस्तू बघून झाली की खाली ती कुणाकडून आली ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर आता मला वस्तूपेक्षा तेच वाचायला जास्त मजा येते. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. चिंग राजवटीच्या शेवटच्या पन्नास वर्षांत, म्हणजे साधारण १८६० ते १९११, चीनमध्ये राहून पोर्सेलीन गोळा करणाऱ्या गोऱ्या लोकांमध्ये लॉर्ड, कोट्यधीश वगैरे फारसे दिसतच नाहीत. ते सगळे लंडन न्यूयॉर्कमध्ये बसून विकत घेत होते. चीनमध्ये प्रत्यक्ष राहून जमवणारे कोण, तर दूतावासाचा डॉक्टर, कस्टम्समधला अधिकारी, दूतावासातला सेक्रेटरी. सगळी नोकरदार माणसं!

माझे प्रश्न असे, की यांना परवडायचं कसं? बादशहाच्या भट्टीतला माल असा दुकानात ठेवलेला असायचा का, की सगळा लुटीचाच मामला? आणि यांना त्यातलं कळत होतं का, का दुकानदार सांगेल ते ऐकायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. विकीची लिंक देऊन पळून जाऊ नये, ती मी वाचलीये :)

---

कोबाल्ट

छान धागा. जरा लांबड लावतो, विषय जिव्हाळ्याचा आहे.

तुम्ही ज्या डॉक्टरबद्दल बोलताय तो स्टीफन बुशेल असणार. १८६८ मध्ये पेकिंगच्या (म्हणजे आजच्या बीजिंगच्या) ब्रिटिश दूतावासात डॉक्टर म्हणून आला तेव्हा चोविशीच्या आसपासचा पोरगा होता, आणि १९०० मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला, म्हणजे उभं आयुष्यच काढलं म्हणा ना. तिथे चिनी शिकला, आणि नुसतं बोलायला नाही तर जुने ग्रंथ वाचण्याइतकं. दूतावासाबाहेर खाजगी प्रॅक्टिस करायला त्याला परवानगी होती. आता पेकिंगमध्ये खाजगी पेशंट कोण असणार? बडी घराणी. एरवी परक्या माणसाला दिंडीदरवाजाच्या आत पाऊल टाकू न देणारी घरं, पण डॉक्टरला कोण अडवतो! बुशेलने स्वतःच लिहून ठेवलंय की या निमित्ताने त्याला काही राजवाडे आणि खाजगी घरं आतून बघायला मिळाली आणि चिनी संग्राहकांच्या वस्तू हातात घेऊन बघता आल्या. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. त्याला दुकानदाराच्या आधी खरा माल माहीत होता.

आता परवडायचं कसं. इथे एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात ती म्हणजे पेकिंग हे खुलं बंदर नव्हतंच. शांघाय, कँटन, तिआनजिन इथे परदेशी व्यापाऱ्यांना पेढ्या काढता यायच्या, राजधानीत नाही. त्यामुळे १८६१ नंतर पेकिंगमध्ये कायम राहणारे परदेशी म्हणजे दूतावासांची माणसं, मिशनरी, कस्टम्स खात्याचे लोक (खातं चीन सरकारचं, जकात गोळा करणारं, पण चालवणारा सर रॉबर्ट हार्ट हा ब्रिटिश माणूस) आणि सरकारी भाषा-शाळेतले शिक्षक. बास. मूठभर मंडळी, त्यात पोर्सेलीनचं वेड असलेले बोटावर मोजण्याइतके. गिऱ्हाईकच कमी म्हटल्यावर परदेशात फॅशन आली तरी इथले भाव लगेच आभाळाला भिडले नाहीत.

मिळायचं कुठे, तर छिएनमेन दरवाजाच्या बाहेर लिउलिचांग म्हणून गल्ली, एकेकाळी तिथे कौलांना झिलई द्यायची भट्टी होती, पुढे पुस्तकांची दुकानं आली, सरकारी परीक्षा द्यायला आलेले विद्वान तिथे घुटमळायचे आणि मग त्यांच्या मागोमाग चित्रं, शिक्के, शाई, कांसं, पोर्सेलीन सगळंच आलं. चिनी नववर्षात तिथे मोठी जत्रा भरायची. शिवाय घरी येणारे फिरते विक्रेते, निळ्या सुती कापडाच्या गाठोड्यात वस्तू बांधून दूतावासाच्या कंपाउंडमध्ये यायचे आणि व्हरांड्यात गाठोडं सोडून बसायचे. घाई कुणालाच नसायची. आज नाही म्हटलं तर पुढच्या आठवड्यात तीच वस्तू पुन्हा गाठोड्यातून बाहेर, भाव थोडा उतरलेला.

आणि चलन! हा माझा आवडता मुद्दा. व्यवहार चांदीत, टेल या वजनात (एक टेल म्हणजे साधारण साडेसदतीस ग्रॅम चांदी). १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला कस्टम्सचा एक टेल साडेसहा शिलिंगांच्या वर होता, जगभर चांदी घसरत गेली आणि १९०१ पर्यंत तो तीन शिलिंगांवर आला. म्हणजे ज्याचा पगार पौंडात ठरलेला, त्याच्यासाठी लिउलिचांगमधली प्रत्येक वस्तू तीस वर्षांत निम्म्याने स्वस्त झाली, दुकानदाराने एक छदाम कमी न करता. याउलट कस्टम्सवाल्यांचा पगार टेलमध्ये, त्यांना हा फायदा नाही, पण त्यांनी चांदीत घेतलेली वस्तू पुढे अमेरिकेत डॉलरमध्ये विकली की तिथे हिशेब जमायचा.

---

तिरकसराव

वा कोबाल्टशेठ, किती गोड चित्र. व्हरांडा, गाठोडं, चहा. लूट हा शब्द एवढ्या मोठ्या प्रतिसादात एकदाही नाही, कमाल आहे.

ऑक्टोबर १८६०, दुसरं अफू युद्ध. ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य युआनमिंगयुआनमध्ये, म्हणजे बादशहाच्या उन्हाळी प्रासादात घुसलं, जे हाताला लागेल ते उचललं, मग ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी लॉर्ड एल्गिन याच्या हुकुमाने १८ तारखेला जाळपोळ सुरू झाली. ब्रिटिशांचा जनरल होप ग्रँट याने तर शिस्त म्हणून सगळी लूट एका जागी जमा करायला लावली, तिचा तिथेच पेकिंगबाहेर लिलाव केला आणि आलेले पैसे अधिकारी आणि शिपायांत वाटले. लुटीची पावती मिळण्याची सोय! एल्गिनचा खाजगी सचिव हेन्री लोक परत गेला आणि १८६१ मध्ये आल्फ्रेड मॉरिसन नावाच्या श्रीमंत इंग्रजाने त्याच्याकडून शाही पोर्सेलीन आणि मीनाकाम विकत घेतलं, ते फॉन्टहिलच्या हवेलीत गेलं. आजही लिलावात फॉन्टहिलचं नाव लागलं की बोली चढते.

चाळीस वर्षांनी पुन्हा तोच तमाशा. १९०० चा परदेशी लोकांविरुद्धचा बॉक्सर उठाव, २० जून ते १४ ऑगस्ट दूतावासांना वेढा, वेढा उठल्यावर आठ देशांच्या फौजांनी शहर धुऊन काढलं. आणि ब्रिटिश दूतावासाच्या आवारात लुटीच्या मालाचे लिलाव, अगदी नेमाने. भवानीताई, तुमच्या यादीतला 'दूतावासाचा सेक्रेटरी' म्हणजे अमेरिकन दूतावासाचा हर्बर्ट स्क्वायर्स असेल तर त्याचा संग्रह बघा. वेढ्यात तो ब्रिटिश राजदूत मॅकडोनाल्डचा चीफ ऑफ स्टाफ होता, शूर वगैरे सगळं मान्य. पण १९०१ मध्ये पेकिंग सोडताना रेल्वेचे डबेच्या डबे भरून पोर्सेलीन घेऊन गेला म्हणून अमेरिकन पेपरांनीच बोंब मारली होती. त्याचा बचाव काय, तर मी पैसे मोजून घेतलंय, लिलावात आणि मिशनरींकडून. अरे पण लिलाववाल्याने कुठून आणलं?

---

भटकभवानी

@तिरकसराव हो, स्क्वायर्सच! पण मग बुशेल आणि स्क्वायर्स एकाच मापाने मोजायचे का? एकाने तीस वर्षं घालवली, दुसरा वेढा उठल्यावर वर्षभरात डबे भरून गेला.

@कोबाल्ट, १८६० च्या लुटीचा माल पेकिंगच्या बाजारात पण आला असेलच ना?

---

कोबाल्ट

राव, लुटीवर पांघरूण घालायचा हेतू नव्हता, प्रश्न पगाराचा होता म्हणून तिथून सुरुवात केली. सगळा माल लुटीचा हे मला पटत नाही आणि त्याचं कारण बुशेलवर माझा जीव आहे हे नसून यी राजपुत्राची गोष्ट आहे.

पोर्सेलीनच्या जुन्या कॅटलॉगमध्ये 'यी राजपुत्राच्या संग्रहातून' असं वारंवार येतं. हे घराणं कांगशी बादशहाच्या तेराव्या मुलाचं, पिढ्यान्‌पिढ्या भारी वस्तू जमवलेल्या. १८६० मध्ये या गादीवर झाइयुआन होता. पेकिंगजवळच्या तोंगझौला ब्रिटिश-फ्रेंचांशी वाटाघाटी झाल्या त्यांत चिनी बाजूने हाच बसलेला, आणि सप्टेंबरमध्ये ब्रिटिशांच्या बाजूने बोलणी करणाऱ्या हॅरी पार्क्सला पकडलं गेलं त्यामागेही हाच. पार्क्सबरोबर आणखी कोण कैद झालं माहितीये? तुम्ही वर सांगितलेला हेन्री लोक. पुढच्याच वर्षी बादशहा वारला, विधवा राणी त्सशी आणि राजपुत्र गोंग यांनी डाव उलटवला, नोव्हेंबर १८६१ मध्ये झाइयुआनला गळफास घेण्याचा हुकूम झाला. आणि मग त्याच्या वाड्यातल्या वस्तू हळूहळू बाहेर यायला लागल्या. म्हणजे कैदी लोकने बादशहाच्या प्रासादातलं पोर्सेलीन लंडनला विकलं आणि त्याला कैद करणाऱ्याचं पोर्सेलीन पेकिंगच्या दुकानात आलं, साधारण एकाच काळात. कादंबरीत लिहिलं तर संपादक म्हणेल जरा अति होतंय.

मुद्दा हा की ही लूट नाही, पण याला 'राजीखुशीची विक्री' म्हणणंही जड जातं. मांचू सरदारांचे (चिंग राजघराण्याच्याच जमातीतले) तनखे तायपिंग बंडानंतर, म्हणजे शतकाच्या मध्यातल्या त्या प्रचंड यादवीनंतर, आटले होते, मोठी नावं, मोठे वाडे, आत कर्ज. वस्तू आधी गहाणवटीच्या दुकानात, तिथून सुटली नाही की लिउलिचांगमध्ये. स्वतः घरमालक परक्या माणसाला वस्तू विकतोय हे कुणाला कळायला नको म्हणून मधे दोन-तीन दलाल. बुशेल, हिपिस्ली यांचा बराचसा माल या वाटेने आलाय. एखाद्या घराण्याच्या पडत्या काळात शेजारी राहणं, आणि खिशात रोकड असणं, एवढंच त्यांचं भांडवल.

हिपिस्ली म्हणजे आल्फ्रेड हिपिस्ली, हार्टच्या कस्टम्समधला कमिशनर. त्याने आपला संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियमला उसना दिला आणि त्याची सूची स्मिथसोनियनच्या १८८८ च्या अहवालात छापून आली, आधी चिनी पोर्सेलीनचा इतिहास, मग एकेका वस्तूचं वर्णन. कस्टम्सच्या माणसाने लिहिलेली सूची आहे हे वाचताना जाणवतं, मापं चोख, शिक्के चोख. (अवांतर: १८९९ मध्ये अमेरिकेने चीनबाबत 'ओपन डोअर'चा, म्हणजे चीनचा व्यापार सगळ्या देशांना सारखाच खुला ठेवा असा, खलिता काढला, त्याच्या मसुद्यामागे हाच हिपिस्ली होता, त्याचा मित्र रॉकहिल तेव्हा वॉशिंग्टनमध्ये सल्लागार होता.) कस्टम्समधलाच दुसरा फ्रीडरिश हिर्थ, जर्मन, त्याला सुंदर फुलदाण्यांपेक्षा 'हा माल मध्ययुगात कुठल्या बंदरातून कुठे गेला' यात रस, त्याचाही अभ्यास १८८८ मध्येच छापला गेला आणि पुढे तो कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला.

---

मृण्मयी_क

मी स्वतः भट्टी लावते त्यामुळे मला यातलं राजकारण कमी आणि माती जास्त कळते, तरी लिहिते.

भवानीताईंनी विचारलंय की यांना कळत होतं का. थोडं कळत होतं, बरंचसं शिकत होते, आणि फसायचे तर सगळेच. तेव्हा हातात होतं काय? चिंगदेचेन या पोर्सेलीनच्या गावावरचा १८१५ चा चिनी ग्रंथ स्तानिस्लास ज्युलियँने १८५६ मध्ये फ्रेंचमध्ये आणलेला. गंमत म्हणजे ज्युलियँ आयुष्यात कधी चीनला गेला नाही, पॅरिसात बसून त्याने झिलयांची वर्णनं उतरवली, आणि पेकिंगमधला माणूस समोर खरी बरणी ठेवून ते पॅरिसचं पुस्तक उघडून बघायचा. रंगाच्या नुसत्या वर्णनावरून रंग ओळखणं किती अवघड आहे ते एकदा करून बघा. बुशेलने म्हणूनच मूळ चिनी ग्रंथ हातात घेतले, झू येनचा १७७४ चा पोर्सेलीनवरचा ग्रंथ त्याने अख्खा इंग्रजीत आणला, छापून यायला १९१० उजाडलं, तोवर तो वारलेला होता.

आणि खुद्द चिंगदेचेन? पोर्सेलीनचं ते गाव जिआंगशी प्रांतात आत, या मंडळींच्या वाटेवर नाहीच. त्यांना माल दिसायचा तो थेट पेकिंगमध्ये नाहीतर यांगत्सेवरच्या जिउजिआंग बंदरात. शाही भट्टीची देखरेख जिउजिआंगच्या चिनी कस्टम अधिकाऱ्याकडेच असायची. तर तायपिंग बंडात १८५० च्या दशकात चिंगदेचेनची राखरांगोळी झाली, शाही भट्ट्याही गेल्या, आणि १८६६ मध्ये त्या पुन्हा उभ्या केल्या. हे साल लक्षात ठेवा. म्हणजे परदेशी लोक पेकिंगमध्ये जुना माल शोधायला लागले आणि त्याच सुमाराला चिंगदेचेनमध्ये नवीन कारागीर नव्याने कामाला लागले, गिऱ्हाईक पण तयार, कारागीर पण तयार. पुढचं सांगायला हवं का!

कांगशीच्या काळातला (१६६२ ते १७२२) निळा-पांढरा माल तेव्हा लंडनमध्ये डोक्यावर घेतला जात होता, विशेषतः निळ्या बर्फावर पांढऱ्या फुलांचे घोस असलेल्या आल्याच्या बरण्या. १९०५ मध्ये लुई हथची तसली एक बरणी लंडनच्या लिलावात ५,९०० गिनींना गेली. मग गुआंगशूच्या काळात (१८७५ ते १९०८) अगदी तशाच बरण्या नव्याने बनू लागल्या. भांड्याच्या तळाला ज्याच्या काळात बनलं त्या बादशहाच्या नावाचा शिक्का घालायची रीत, तर यांच्या खालीही शिक्का कांगशीचाच. ओळखायचं कसं? एक सोपी खूण अशी की कांगशीच्या शाही मालावर शिक्का बहुधा सहा अक्षरांचा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या नकलांवर चार अक्षरी 'कांगशी' शिक्का खूप दिसतो. दुसरी खूण निळ्या रंगात. खऱ्या मालात कोबाल्ट एकाच पाकळीत गडद-फिका होत जातो, पाण्याने सोडवलेल्या शाईच्या थरांसारखा, खोली दिसते. नकलेत निळा सपाट, भरून टाकलेला, रेघ भीत भीत ओढलेली. कॉपी करणाऱ्याचा हात नेहमी कडेला अडखळतो, हे मी विद्यार्थ्यांच्या कामात रोज बघते.

आणखी एक गुंता म्हणजे खऱ्या कांगशी मालावर सुद्धा कांगशीचा शिक्का असेलच असं नाही. १६७७ मध्ये चिंगदेचेनच्या दंडाधिकाऱ्याने फर्मान काढलं की बादशहाचं नाव भांड्यांवर घालायचं नाही, फुटलं तर अपमान होतो. मग कारागिरांनी काही वेळा नुसतं पान काढलं, काही वेळा फूल, नाहीतर सरळ दोनशे वर्षांपूर्वीच्या मिंग बादशहा चेंगहुआचा शिक्का घातला. म्हणजे शिक्का खोटा, भांडं खरं. आणि शिक्का खरा वाटतोय तेव्हा भांडं खोटं. नवशिक्या परदेशी संग्राहकाचं डोकं फिरायला एवढं पुरे.

बाकी आकाराने मोठ्या, काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या-पिवळ्या फुलांच्या फुलदाण्या आठवतात? अमेरिकन कोट्यधीशांनी त्यांच्यासाठी पैशाचा पाऊस पाडला. आता मेट्रोपोलिटन म्युझियमने त्यातल्या बऱ्याचशा एकोणिसाव्या शतकातल्या म्हणून नोंदवल्यात. दोनशे वर्षं जुन्या म्हणून घेतल्या तेव्हा त्या जेमतेम संग्राहकाच्याच वयाच्या होत्या.

---

आळशी_वाचक

+१ मृण्मयीताई, प्रतिसाद वाचून तोंडात बोट. त्या पीचब्लूमबद्दल पण लिहा ना, अमेरिकेत पेपरवाल्यांनी टिंगल केली होती ते प्रकरण.

---

मृण्मयी_क

लिहिते, तो माझा वीक पॉइंट आहे.

पीचब्लूम म्हणजे पीचच्या रंगाची गुलाबी-लाल झिलई असलेली भांडी. तर वस्तू केवढी, वीतभर उंचीची. कांगशीच्या काळात लेखनाच्या टेबलावर ठेवायला म्हणून मोजक्या ठरावीक आकारांत ही छोटी भांडी केली, पाण्याचं, शाईचं, एखाददोन फुलांचं. रंग तांब्याचा. आता तांबं हा भट्टीतला सगळ्यात बेभरवशाचा रंग, भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवला तर लाल येतो, जरा हवा जास्त गेली की हिरवा होतो, आणि ताप वाढला तर तांबं चक्क उडून जातं आणि भांडं पांढरट राहतं. पीचब्लूममध्ये हे तिन्ही एकाच अंगावर आहेत, गुलाबी-लाल, त्यात कुठे फिकट, आणि मधेच शेवाळी हिरवे ठिपके. तळाला निळ्यात सहा अक्षरं, दोन-दोनच्या तीन ओळींत. कुणी म्हणतात कारागिरांनी झिलईच्या दोन थरांमध्ये तांब्याची पूड फुंकली. काहीही असो, मी कितीदा प्रयत्न केले तरी माझ्या भट्टीतून यकृताच्या रंगाचं काहीतरी बाहेर येतं.

तर मेरी मॉर्गन नावाच्या न्यूयॉर्कच्या श्रीमंत विधवेचा संग्रह १८८६ मध्ये लिलावात निघाला, त्यात अशी एक फुलदाणी होती, ती कोबाल्ट यांनी वर सांगितलेल्या यी राजपुत्राच्या संग्रहातली म्हणून नोंदलेली. बोली १८,००० डॉलरला तुटली. वीतभर बाटलीला! पेपरवाल्यांनी चेष्टेचा कळस केला. घेणारा बाल्टिमोरचा विल्यम वॉल्टर्स. आणि लगेच वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या एका काच कारखान्याने तिची काचेची नक्कल बाजारात आणली, खाली पंखवाल्या राक्षसांची काचेची बैठक सुद्धा, आणि ती जोरात खपली. ज्यांनी टिंगल वाचली त्यांनीच नक्कल घेतली असणार असं आपलं मला वाटतं.

याच वॉल्टर्सच्या संग्रहावर जो भलामोठा ग्रंथ १८९० च्या दशकात निघाला, रंगीत छपाईचा, त्याचा मजकूर कुणी लिहिला? बुशेलने. म्हणजे पेकिंगच्या डॉक्टरचं ज्ञान आणि बाल्टिमोरच्या व्यापाऱ्याचा पैसा.

---

तिरकसराव

हे आवडलं. आता माझा शेर: याच बुशेलला एक अल्बम मिळाला होता, सोळाव्या शतकातला संग्राहक शिआंग युआनब्येन याचा म्हणून, ऐंशीहून जास्त भांड्यांची रंगीत चित्रं. बुशेलने भाषांतर करून १९०८ मध्ये थाटात छापला. पुढच्या पिढीतल्या पेलिओ, पर्सिव्हल डेव्हिड अशा चिनी कलेच्या जाणकारांनी तपासल्यावर त्याच्या खरेपणावर कुणाचा विश्वास राहिला नाही. म्हणजे ज्या माणसाने दुकानदाराला ओळखलं, त्याला पुस्तकवाल्याने गाठलं.

---

कोबाल्ट

हो, हे खरंय, आणि त्यात एक मेख आहे. बुशेल लिखित शब्दावर फार विसंबायचा. चिनी विद्वानांची पण तीच रीत, ग्रंथात लिहिलंय म्हणजे तसंच असणार. तो त्यांच्यात इतका मुरला होता की त्यांचा आंधळा कोपराही त्याच्याकडे आला. पण त्याची दुसरी बाजूही बघा, १८८३ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमसाठी त्याने पेकिंगमधून जो माल निवडून पाठवला त्यात नुसती लंडनच्या फॅशनची निळी भांडी नव्हती, एकरंगी झिलया, पांढरी, पिवळी, शाही वापरातली भांडी होती, जी तेव्हा युरोपात फारशी कुणी मागत नव्हतं. तिथे त्याने डोळे वापरले.

---

भटकभवानी

किती छान माहिती मिळतेय, सगळ्यांचे आभार! एक राहिलंच, चिनी संग्राहक या काळात काय करत होते? म्हणजे यांचं वेड बघून त्यांना काय वाटायचं? की ते विकणाऱ्याच्याच भूमिकेत?

---

कोबाल्ट

अजिबात नाही. चिनी रसिकाच्या लेखी पहिला मान अक्षरकलेला आणि चित्रांना, मग प्राचीन कांसं, जेड. पोर्सेलीन त्यानंतर, आणि त्यातही सुंग काळातली (९६० ते १२७९) शांत, एकरंगी भांडी. दुआनफांगसारखा मोठा मांचू अधिकारी कांशाच्या भांड्यांसाठी जीव टाकायचा. गोऱ्यांना हवी असायची झगमगीत रंगांची, कांगशी आणि त्याचा नातू चिएनलुंग या चिंग बादशहांच्या काळातली भांडी, जी चिनी विद्वानाला जरा नवी आणि जरा भडक वाटायची. त्यामुळे सुरुवातीला दोघांची टक्कर फारशी झालीच नाही, दोघे एकाच दुकानात शिरायचे पण वेगळ्या फडताळासमोर उभे राहायचे. गोऱ्यांना सुरुवातीला स्वस्त पडलं त्याचं हेही एक मोठं कारण.

पण शतक उलटल्यावर हे बदललं, आणि बदललं कशामुळे तर रेल्वेमुळे. पेकिंग-हानकौ लाइन १९०६ मध्ये पुरी झाली, मग हेनान प्रांतात कैफेंग-लुओयांग. रुळांसाठी जमीन खोदताना सुंगच्याही आधीच्या तांग काळातली थडगी उघडी पडायला लागली, त्यातून तीन रंगी झिलईचे घोडे, उंट, माणसं. चिनी माणूस थडग्यातली वस्तू घरात ठेवायला धजत नसे, अपशकुन, त्यामुळे हा माल सरळ परदेशी गिऱ्हाइकाकडे वळला. १९१० मध्ये लंडनला बर्लिंग्टन फाइन आर्ट्स क्लबने चीनच्या आरंभीच्या मृत्पात्रांचं प्रदर्शन भरवलं आणि तिथून पश्चिमेची आवड कांगशीकडून मागे मागे, सुंग आणि तांगकडे सरकत गेली.

आणि शांघाय विसरू नका. पेकिंगमध्ये विद्वान आणि पडके सरदार, शांघायमध्ये व्यापारी. नोव्हेंबर १९०८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या तिथल्या शाखेने चिनी कलावस्तूंचं प्रदर्शन भरवलं, पुढाकार ए. डब्ल्यू. बाहरचा, शांघायमध्येच जन्मलेला, वडील जर्मन, आई चिनी. त्यात परदेशी रहिवाशांबरोबर चिनी संग्राहकांनीही आपल्या वस्तू मांडल्या होत्या. बुशेलला ज्या वस्तू बघायला पेशंटच्या घरी जावं लागलं, तसल्या वस्तू तिथे काचेच्या कपाटात. बाहरने नंतर त्याचं पुस्तक काढलं, १९११ मध्ये, म्हणजे क्रांतीच्या वर्षी, आणि स्वतः तोवर लंडनला जाऊन मोठा डीलर झाला होता.

---

तिरकसराव

म्हणजे शेवटी सगळे लंडनलाच. वस्तू पण आणि माणूस पण. :)

भवानीताई, एक काम सांगतो, पुढच्या वेळी म्युझियमच्या साइटवर बसाल तेव्हा 'मिळाल्याचं वर्ष' या रकान्याने सॉर्ट करा आणि १९०० ते १९०२ एवढंच बघा. किती नोंदींत विकणाऱ्याचं नाव आहे आणि किती ठिकाणी नुसतंच 'पेकिंगमधून' लिहिलंय ते मोजा. मला अंदाज आहे, पण तुमचा आकडा ऐकायला आवडेल.

---

भटकभवानी

आजच बसते. हिपिस्लीची सूची कुणाकडे स्कॅन असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिची आणि म्युझियमच्या नोंदींची जुळणी करता येते का बघते.

---

कोबाल्ट

व्यनिची गरज नाही, स्मिथसोनियनचा सरकारी अहवाल असल्यामुळे जुन्या पुस्तकांच्या कुठल्याही मोठ्या डिजिटल ग्रंथालयात १८८८ चा नॅशनल म्युझियमचा खंड फुकट सापडेल. सूची बघताना एक करा, यी राजपुत्राचा उल्लेख कुठे कुठे येतो ते वेगळं काढा. एका वाड्यात इतकं मावेल का हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाय, कारण ते नाव सांगितलं की भाव वाढतो हे लिउलिचांगमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं.